वाडा चिरेबंदी

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यात पारवा नावाचे गाव आहे. पांढरकवड्याहून ते फार दूर नाही. त्या गावी ९ ऑक्टोबर १९३९ रोजी महेश एलकुंचवार यांचा जन्म झाला. घर तेलुगू मुळाचे, पण वऱ्हाडात रुजलेले. शिकण्यासाठी महेशला लहानपणीच आईबापांपासून दूर राहावे लागले. पुढे ते नागपूरला शिकले आणि तिथेच महाविद्यालयात इंग्रजी शिकवू लागले.

नाटकाकडे ते कसे वळले, ते ऐका. एकदा सिनेमाला गेले, तर तिकीट मिळाले नाही. मग जवळच नाटक चालू होते, तिकडे गेले. नाटक विजय तेंडुलकरांचे होते, आणि ते विजया मेहता यांनी बसवले होते. ते पाहून एलकुंचवारांच्या मनाने घेतले, की आपणही नाटकच लिहायचे. पुढे १९६७ मध्ये त्यांची 'सुलतान' ही एकांकिका 'सत्यकथा' मासिकात छापून आली. विजया मेहतांनी ती वाचली आणि रंगभूमीवर आणली. तिकीट मिळाले असते तर? कोण जाणे!

त्यांची नाटके पुष्कळ आहेत. पण आपल्या माणसांनी आधी पाहावे ते 'वाडा चिरेबंदी'. हे १९८५ मध्ये रंगभूमीवर आले. चिरेबंदी म्हणजे घडीव दगडांनी बांधलेला. वाडा देशपांड्यांचा आहे, धरणगाव नावाच्या खेड्यातला. थोरले देशपांडे, तात्याजी, वारले आहेत. मुंबईचा मुलगा सुधीर बायकोला घेऊन उशिरा पोचतो. थोरला भास्कर गावीच राहिलेला. आता तेराव्याचा खर्च कोणी करायचा? गावजेवण घातले नाही तर लोक काय म्हणतील? जमीन गेली, पैसा गेला, पण थाट सुटत नाही. दारात बंद पडलेला ट्रॅक्टर गंजत उभा आहे.

या घरात प्रभा नावाची बहीण आहे. तिला पुढे शिकायचे होते. बापाने नाही म्हटले. देशपांड्यांच्या पोरीने शिकून काय करायचे! प्रभा घरातच राहिली, वय निघून गेले, आणि मन कडू झाले. तिची भाची रंजू सिनेमाच्या नादात असते. ती एक दिवस घरचे दागिने घेऊन शिकवणीच्या मास्तराबरोबर निघून जाते. एकीला शिकू दिले नाही. दुसरीला शिकवणी लावली, पण तिच्या मनात काय आहे ते कोणी विचारले नाही. नाटककार कोणालाच शिव्या देत नाही. भास्करचाही राग येत नाही, कीव येते.

माणसे बोलतात ती आपलीच बोली. मुंबईच्या सुनेचे बोलणे मात्र वेगळे. दोन बोली समोरासमोर आल्या की घरातली फूट कानांनाच कळते.

घराचे दुःख नाटकात मांडणारे दूर देशीही झाले. अमेरिकेच्या यूजीन ओनील यांनी आपल्याच घरची कहाणी नाटकात लिहिली. त्यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते.

देशपांड्यांची कथा पुढे 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' या नाटकांत चालू राहते. १९९४ मध्ये तिन्ही नाटके सलग करून दाखवली. लोक आठ-नऊ तास बसून राहिले. 'युगान्त'ला २००२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

आता एक प्रश्न. चालत नाही, तरी तो ट्रॅक्टर घरच्यांनी दारातच का ठेवला असेल? आपापसात बोला. मग दोन ओळी लिहून काढा.