मायस्टर, माउली आणि प्रेस शॉप

आधी भोसरीत ९ वर्षं आणि मग चाकणला १७ वर्षं मी प्रेस शॉपमध्ये डाय सेटर होतो. चाकणला असताना नवा प्रेस बसवायला जर्मनीहून एक इंजिनिअर आले. एका रविवारी त्यांना आळंदीला नेलं. ज्ञानेश्वरी १२९० ची, माउलींची समाधी १२९६ ची, असं सांगितल्यावर ते इंद्रायणीच्या घाटावर थबकले. म्हणाले, "त्याच वर्षांत आमच्याकडेही एक मायस्टर लोकांच्या भाषेत देवाबद्दल बोलत होते."

त्यांच्याकडे कारखान्यातल्या मुख्य कारागिराला मायस्टर म्हणतात, आपण उस्ताद म्हणतो तसं. पण हे मायस्टर एकहार्ट, डॉमिनिकन संघाचे ख्रिस्ती साधू. जन्म १२६० च्या सुमारास. पॅरिसच्या विद्यापीठात शिकवलं म्हणून ही पदवी. विद्वानांसाठी लॅटिनमध्ये लिहीत, लोकांसमोर जर्मनमध्ये बोलत. मायदेशी गेल्यावर इंजिनिअरसाहेबांनी एकहार्टांच्या प्रवचनांचं इंग्रजी भाषांतर पाठवलं. दहा वर्षं ते माझ्या उशाशी आहे. त्यातून जे पदरात पडलं ते असं.

१. कामाला मोल करणाऱ्यामुळे येतं.
एरफुर्टच्या मठाचे प्रमुख असताना एकहार्ट संध्याकाळी तरुण साधूंशी बोलत. सांगायचे, काय करावं यापेक्षा आपण कसे आहोत याची काळजी जास्त घ्या; काम आपल्याला पवित्र करत नाही, आपणच कामाला पवित्र करतो. हे मला डायवर कळलं. डाय म्हणजे पत्रा कापणारा साचा. त्याची धार गेली तरी तो तसाच रेटून शिफ्ट काढता येते. आकडा भरतो, कुणी विचारत नाही. पण पत्र्याच्या कडेला बर, म्हणजे बोचरी कड, राहते आणि पुढच्या लाइनवरच्या पोरीचा हातमोजा फाटून बोट कापतं. मी एकदा असं बोट पाहिलं. त्यानंतर बोथट डाय प्रेसवर ठेवली नाही, शिव्या खाल्ल्या तरी.

२. देवाकडे गिऱ्हाईक होऊन जाऊ नये.
परमनंट होण्यासाठी मी चिंचवडच्या मोरयाला नवस बोललो होतो. यादीत नाव आलं नाही. दोन वर्षं देवळाची पायरी चढलो नाही. एकहार्ट म्हणतात, काही माणसं देवावर गाईसारखं प्रेम करतात, दुधासाठी आणि चीजसाठी. वाचताना मान खाली गेली. खरं प्रेम, खरं काम 'कशासाठी' हा प्रश्न मागे टाकून होतं, हे त्यांचं आवडतं सूत्र. आता पवनेकाठी नुसता बसतो. मागत काही नाही. उठताना मन हलकं असतं.

३. समाधी सोडून पेज करावी.
एका कार्तिकीला आळंदीला निघालो होतो. कुरुळीला आमच्या लाइनवरचा कंत्राटी पोरगा भाड्याच्या खोलीत तापाने फणफणत पडल्याचं कळलं. खोलीत आठ जण राहायचे, सगळे कामावर गेलेले. स्टोव्हवर तांदळाची पेज केली, मीठ घातलं, चमच्याने पाजली. एकादशी तिथेच गेली आणि मनाला चुटपुट लागली. पुढे एकहार्टांचं बोलणं वाचलं: संत पॉलसारखी समाधी लागली असली आणि एखाद्या आजाऱ्याला सूप हवं असलं, तर समाधी सोडून त्याला सूप द्यावं. बायबलमधल्या दोन बहिणींपैकी येशूच्या पायाशी बसलेल्या मरियेची थोरवी सगळे गातात. एकहार्टांनी राबणाऱ्या मार्थेला अधिक पिकलेली मानलं. माझी चुटपुट तिथे संपली.

४. दणका वर, तळ शांत.
अडीचशे टनांचा प्रेस चालतो तेव्हा पायाखालची फरशी थरथरते. कानात प्लग असले तरी छातीत आवाज घुमतो. त्या प्रेसचा पाया मात्र जमिनीत खोल, दणके पोटात घेऊन उभा असतो. जीवाला असाच एक तळ आहे आणि तिथे देव आणि माणूस यांच्यात अंतर उरत नाही, असं एकहार्ट सांगतात. देवाचा पुत्र तिथे जन्मतो, ही त्यांची ख्रिस्ती श्रद्धा. माउलींचा मार्ग वेगळा, दोघांना एकाच मापात बसवायचं मला कारण नाही. पण तिथे पोचायला दोघंही 'मी' आणि 'माझं' सोडायला सांगतात. तळेगाव चौकात कंपनीची बस तासभर अडकली की मी हेच करून बघायचो: घड्याळ सोडायचं, राग सोडायचा, खाली उतरायचं. रोज जमलं नाही. जमलं त्या दिवशी घरी गेल्यावर आवाज चढला नाही.

५. चूक कबूल करावी, हट्ट धरू नये.
म्हातारपणी एकहार्टांवर पाखंडाचा आरोप आला. देहूच्या तुकोबांच्या वह्यांची कथा ऐकत वाढलेल्या आपल्याला हे नवं नाही. एकहार्टांचं उत्तर होतं, माझी समजूत चुकू शकते, पण मी पाखंडी होऊ शकत नाही, कारण चूक बुद्धीची असते आणि पाखंड इच्छेचं. १३२७ मध्ये कोलोनच्या चर्चमध्ये त्यांनी जाहीर सांगितलं की चुकीचं ठरेल ते मी मागे घेतो. १३२९ मध्ये पोप बाविसावे जॉन यांनी त्यांच्या नावावरच्या २८ विधानांवर ठपका ठेवला, तेव्हा ते हयात नव्हते. माझ्या सेटिंगमुळे एकदा अख्खा लॉट रिजेक्ट झाला. आधी ऑपरेटरकडे बोट दाखवलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं, चूक माझी. त्या पोराच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरताना पाहिलं.

आता भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये मुलांना डाय सेटिंग शिकवतो. ती मला उस्ताद म्हणतात. पहिल्या दिवशी मी त्यांना बोथट डायची कड दाखवतो, तिच्यावरून निघालेला पत्रा हातात देतो आणि विचारतो, "हा पुढे कुणाच्या हातात जाणार आहे?"