‘अवमंदन’ : एक संज्ञा आणि स्प्रिंगचे आंदोलन

भारतीय भाषांतील शास्त्रीय परिभाषेची चर्चा बहुधा शब्द सुबोध आहे की दुर्बोध, संस्कृतनिष्ठ आहे की रूढ, या प्रश्नांभोवती फिरते. संज्ञा वाचताच वाचकाच्या मनात कोणते चित्र उभे राहते, हा प्रश्न मात्र मागे पडतो. हिंदीत व मराठीत प्रचलित असलेली ‘अवमंदन’ ही संज्ञा या दृष्टीने तपासण्यासारखी आहे.

स्प्रिंगला अर्धा किलोग्रॅमचे वजन टांगले, ते १० सेंटिमीटर खाली ओढले आणि सोडून दिले, असे समजू. स्प्रिंगचा ताठपणा मीटरला ५० न्यूटन आहे. हवेच्या किंवा तेलाच्या विरोधामुळे वजनाची खालीवर होणारी हालचाल ओसरत जाते. हा विरोध वेगाच्या प्रमाणात असून सेकंदास १ मीटर वेगाला ०.५ न्यूटन आहे, असे मानल्यास आणि आरंभीचे अल्प कलांतर बाजूस ठेवल्यास, ‘का’ सेकंदांनंतरचे स्थानांतर सेंटिमीटरमध्ये असे मांडता येते :

स्थानांतर = १० × (०.६०७ चा ‘का’ वा घात) × कोज्या (९.९९ का)

यातील कोन अंशांत नसून रेडियनमध्ये आहे. उजवीकडील दोन गुणकांची कामे अगदी वेगळी आहेत. घाताचा गुणक आंदोलनाची मर्यादा आवळत नेतो : ती १ सेकंदानंतर ६.१, २ सेकंदांनंतर ३.७ आणि ३ सेकंदांनंतर २.२ सेंटिमीटर उरते. कोज्येचा गुणक वजन पुनःपुन्हा परत आणतो, आणि त्याचा आवर्तकाल शेवटपर्यंत ०.६२९ सेकंदच राहतो. विरोध मुळीच नसता तर तो ०.६२८ सेकंद असता.

विद्यार्थी अडखळतो तो नेमका येथे. ‘अवमंदन’ या शब्दातील ‘मंद’ त्याला ‘मंद गती’ची आठवण करून देतो आणि प्रत्येक फेरीला अधिकाधिक वेळ लागत असावा, असे त्याला वाटते. वजनाचा वेग कमी होतो हे खरे. पण कापावयाचे अंतरही त्याच प्रमाणात कमी होते, म्हणून फेरीचा काळ बदलत नाही. स्प्रिंगचे मागे खेचणारे बल स्थानांतराच्या प्रमाणात असते, या हूकने १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमाचाच हा परिणाम होय.

तथापि ‘मंद’ शब्दाचा दुसरा अर्थही आपल्या भाषेत तितकाच जुना आहे. मंद दिवा सावकाश जळत नाही. त्याचे तेज कमी असते. तंबोऱ्याची तार छेडल्यावर तिचा नाद मंद होत जातो, मंद्र होत नाही. षड्ज षड्जच राहतो. ‘अवमंदन’ या संज्ञेत अभिप्रेत असलेला अर्थ हा आहे.

‘कोज्या’तील ‘ज्या’ म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाच्या कंसाची टोके जोडणाऱ्या रेषेला हे नाव मिळाले आणि आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये अर्धज्यांच्या मानांची मांडणी केली. तेथे प्रतिमा अर्थाला सरळ वाट दाखविते. ‘अवमंदन’ शब्दात ती दोन वाटांवर उभी करते. म्हणून संज्ञा टाकून देण्याचे कारण नाही. पाठ्यपुस्तकात तिच्या शेजारी तंबोऱ्याचे एक उदाहरण द्यावे. परिभाषा घडविणे हे कोशकाराचे काम असले, तरी तिच्यातील अर्थाची योग्य छटा जागी ठेवणे हे भाषेच्या अभ्यासकाचेही काम आहे.