पेनड्राइव्ह रुसला तेव्हा

आजीच्या जात्यावरच्या 22 ओव्या मी पेनड्राइव्हवर साठवल्या होत्या. आजी गेली, आणि मित्राच्या लिनक्स संगणकावर ड्राइव्ह उघडेना. आमच्या घरात विचारणार कोणाला? दुसरे पोर्ट पाहिले, तोच प्रकार. ‘डीमेसेज’ ही आज्ञा दिली, तर ‘आय/ओ एरर’ आणि सेक्टरचा आकडा उमटला. म्हणजे ती जागा वाचलीच जात नव्हती. मित्र म्हणाला, ‘फॉरमॅट कर.’ (सल्ले फुकट असतात!) दुरुस्तीचा ‘एफएससीके’ही मी टाळला, तो ड्राइव्हवरच लिहितो, आणि मरणपंथाला लागलेल्या ड्राइव्हवर लिहिणे धोक्याचे. आधी ‘डीडीरेस्क्यू’ने सबंध प्रत हार्डडिस्कवर उतरवली. हा प्रोग्रॅम सुखाने वाचता येते ते प्रथम उचलतो, अडलेल्या जागी मागाहून परततो. मग दुरुस्ती त्या प्रतीवर केली. 17 ओव्या मिळाल्या. अठरावीत आजी मध्येच थांबते.