घरीं वाट दाखविणारें कोणी नसेल तर

बारामती तालुक्यांत सोमेश्वरनगर येथें साखर कारखाना आहे. दिवाळीच्या सुमारास त्याच्या आसपास ऊसतोडणी करणारांच्या कोप्या उभ्या राहतात. नवराबायको मिळून एक 'कोयता' होतो, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल त्या जोडप्यास हंगामभर राबून फेडावी लागते. अशा एका कोपींतील मुलगा दहावी उत्तीर्ण झाला, असें आपण समजूं. पुढें काय करावें, हें तो कोणास विचारील? बाप म्हणतो, "पुष्कळ शिकलास, आतां कोयता धर." हा बाप निर्दय आहे असें आम्हांस वाटत नाहीं. जी वाट त्यानें स्वतः कधीं पाहिली नाहीं, ती तो मुलास कशी दाखविणार?

येथें विलंबास जागा नाहीं. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील प्रवेश पावसाळ्यांत होतात, आणि मुकादमाची उचलही बहुधा पावसाळ्यांतच हातीं पडते. दोन दारें एकाच वेळीं उघडतात. एका दाराची खबर घेऊन मुकादम घरीं येतो. दुसऱ्याची खबर द्यावयास कोणी येत नाहीं.

शेजारच्या सातारा जिल्ह्यांत काय घडलें, तें पाहा. भाऊराव पाटील ह्यांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली, व १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढिलें. निरनिराळ्या जातींचीं गरीब मुलें तेथें एकत्र राहत, आपला स्वयंपाक आपण करीत, आणि श्रम करून शिकत. मुलांच्या अन्नासाठीं लक्ष्मीबाईंनीं आपले दागिने मोडिले. ह्या मुलांच्या घरीं द्रव्य नव्हतें, विद्याही नव्हती. वसतिगृहानें त्यांस भाकर दिली, आणि पुढची पायरी ठाऊक असलेला वडीलधारा दिला. भाऊरावांचें स्वतःचें शिक्षण अपुरें राहिलें होतें. त्यांनीं आधीं शिकवण्या केल्या, मग किर्लोस्करांचे नांगर विकीत ते गांवोगांव फिरले. तेव्हां पहिलें काम हेंच अखेरचें काम होय, असें कोणीं समजूं नये.

ह्यावरून तरुणांनीं तीन गोष्टी शिकाव्या.

१. जो तें काम करितो त्यासच विचारावें. काय शिकलांत, किती वर्षें लागलीं, खर्च किती आला, पहिल्या वर्षीं मिळकत किती झाली, असें दोघांतिघांस विचारून मग ठरवावें.

२. लवकर मिळकत देणारी वाट आधीं पाहावी. वीजतंत्री व जोडारी हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याप्रमाणें कारखान्यांत उमेदवारी करणारास विद्यावेतन मिळतें. पुणे विद्यापीठाची 'कमवा व शिका' योजना आहे. साखरेचें शास्त्र शिकविणारी, १९७५ सालीं स्थापिलेली संस्था पुण्याजवळ मांजरी येथें आहे. ज्याच्या बापानें ऊस तोडिला, त्यानें साखर करावयास कां शिकूं नये?

३. बापाशीं भांडूं नये. त्याजपुढें हिशेब मांडावा. दोन वर्षें हात थांबल्यानें घराचें नुकसान किती, आणि पुढें दरमहा लाभ किती, हें कागदावर लिहून वाचून दाखवावें. उचलीचा आंकडा त्यास कळतो, तसा हाही कळेल.

आतां उपदेशकांस व मंडळींतील वडिलांस विनंति. एक वही ठेवा. गांवांतून शिकून कामास लागलेल्यांचीं नांवें, त्यांचा धंदा व ठिकाण तींत लिहा. ज्येष्ठ-आषाढांत, उचल घेण्यापूर्वीं, त्या बापाच्या ओसरीवर जाऊन बसा. अर्ज भरण्यास मुलाबरोबर तालुक्यास जा. मुलींसही विसरूं नका; लग्न उरकून तिचा कोयता करण्याची घाई तर अधिकच असते.

सभेंत विचारावयाचे प्रश्न: आपल्या गांवीं यंदा दहावी उत्तीर्ण होणारीं मुलें कोण? त्यांतील कोणाच्या घरीं विचारावयास माणूस नाहीं? त्याच्याकडे आपणांपैकीं कोण जाईल, व कोणत्या दिवशीं?

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर मिळाल्यावांचून सभा उठूं नये.