हसळीच्या अस्थिभंगानंतर पुन्हा कड्याकडे

पावसाळा सरून सह्याद्रीतील कातळ कोरडा झाला की आपल्या रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात एक ओळखीचा रुग्णवर्ग येऊ लागतो. शनिवार-रविवारी पाठीला सॅक लावून तैलबैला, नागफणी किंवा वानरलिंगी गाठणारी ही तरुण मुले-मुली. त्यांच्या दुखापतींत हसळीचे हाड मोडणे ही नित्याची बाब आहे. यंदाच्या अभ्यासलेखासाठी आम्ही हाच विषय घेतला, त्याला एका रुग्णाच्या बाबतीत आमच्याकडून राहून गेलेली एक गोष्ट कारणीभूत आहे.

हसळी म्हणजे मानेखाली, छातीच्या मधल्या हाडापासून खांद्यापर्यंत आडवे जाणारे, किंचित वळणदार हाड. सुश्रुतसंहितेत यास अक्षक म्हटले आहे. शालेय पुस्तकांत ते जत्रुक या नावाने भेटते. हात आणि धड यांना जोडणारा हाडांचा दुवा हा एवढाच. खांद्याचे पाते पाठीवर केवळ स्नायूंच्या आधाराने असते. हे हाड मोडते ते बहुधा मधल्या भागात, आणि बहुधा खांदा थेट आपटल्यामुळे. प्रस्तरारोहणात पकड सुटलेला आरोहक दोरावर झोका घेऊन कातळावर जाऊन आदळतो, तेव्हा नेमके हेच घडते.

टोके फारशी सरकलेली नसतील तर हात झोळीत ठेवणे हाच उपचार पुरेसा ठरतो. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा पट्टा बांधण्याची जुनी पद्धत अनेक वाचकांना आठवत असेल. त्याने हाड अधिक चांगले जुळते असे दिसून आलेले नाही, रुग्णाला जाच मात्र अधिक होतो. टोके पूर्णपणे सरकलेली असल्यास प्रश्न निराळा. कॅनडातील अस्थिरोगतज्ज्ञांनी 132 रुग्णांवर केलेला अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभर पाठपुरावा झालेल्यांपैकी, धातूची पट्टी बसवलेल्या 62 जणांत 2 जणांचे हाड जुळले नाही, तर झोळीवर ठेवलेल्या 49 जणांत 7 जणांचे. मात्र पट्टी बसवलेल्या काहींना पुढे त्या पट्टीचाच त्रास झाला. म्हणून शस्त्रक्रियेचा सल्ला आम्ही सरसकट देत नाही. धूम्रपान सोडण्याचा सल्ला मात्र सरसकट देतो, कारण त्याने हाड जुळण्यास विलंब होतो.

आता त्या रुग्णाविषयी. पंचविशीच्या आतला हा तरुण डिसेंबरात दोरावरून झोका घेऊन आपटला होता. टोके सरकलेली नव्हती, झोळी दिली. बोटे, मनगट व कोपर पहिल्या दिवसापासून हलवायचे, दुखणे ओसरल्यावर पुढे वाकून हात लंबकासारखा झुलवायचा, हे सारे त्याने मनापासून केले. पाचव्या आठवड्यात वेदना जवळजवळ गेली. "आता रविवारी जाऊ का?" त्याने विचारले. आम्ही म्हणालो, "तीन महिने चढाई नाही." त्याच्या आईने हे दोनदा वदवून घेतले.

त्याने शब्द पाळला, तो चढला नाही. सहाव्या आठवड्यात तो मित्रांसोबत केवळ बिले द्यायला, म्हणजे खालून दोर सांभाळायला, गेला. जड सॅकचा पट्टा दोन तास थेट त्या हाडावर टेकलेला होता. वर चढणाऱ्या मित्राची पकड सुटली, दोराला हिसका बसला, आणि हा जागेवरून उचलला जाऊन त्याच खांद्याने कातळावर आदळला. दोर त्याने सोडला नाही. मित्र सुखरूप राहिला. हाड मात्र त्याच जागी पुन्हा मोडले आणि या वेळी शस्त्रक्रिया करावी लागली.

चूक त्याची म्हणावी, तर सांगितलेले त्याने ऐकले होते. चढाई म्हणजे काय काय असते, हे आम्ही त्याला विचारले नव्हते. वेदना हाडाच्या बळकटीच्या पुष्कळ आधी जाते, ही गोष्ट शिकवताना आम्ही नेहमी सांगतो. पण सॅक आणि बिले यांचा उच्चार आमच्या सूचनापत्रकात नव्हता. आता आहे. आरोहकाच्या हातावर दुसऱ्याचा जीव अवलंबून असतो, म्हणून बिलेची परवानगी आम्ही चढाईच्या आधी नव्हे, चढाईबरोबरच देतो.

ही परवानगी दिनदर्शिका पाहून दिली जात नाही. मोडलेल्या जागी दाबल्यावर दुखता कामा नये, क्ष-किरण चित्रात नव्या हाडाचा सांधा दिसला पाहिजे, हात कानाला लागेपर्यंत वर गेला पाहिजे आणि ताकद दुसऱ्या हाताच्या बरोबरीस आली पाहिजे. बहुतेकांस याला तीन महिने लागतात, काहींना अधिक. यातील शेवटची अट सर्वांत चिवट असते. झोळीतील आठवड्यांत खांद्याच्या पात्याभोवतीचे स्नायू इतके निजतात की भिंतीला हात टेकून दंड काढण्यापासून आरंभ करावा लागतो. पुढे कमी उंचीच्या खडकावर जमिनीलगत आडवे सरकणे, भार पायांवर ठेवणे. मग वरून दोर लावून सोपी चढाई. हातांवर लोंबकळणे आणि लीड करणे सर्वांत शेवटी.

हे सारे भौतिकोपचार विभागाच्या एका खोलीत, रबरी पट्टे व वाळूच्या पिशव्या यांच्या साहाय्याने चालते. शस्त्रक्रियेसाठी देणगीदार मिळतात. या खोलीकडे मात्र फार कमी जणांचे लक्ष जाते, हे आम्ही येथे नमूद करू इच्छितो.

तो तरुण शस्त्रक्रियेनंतर चार महिने नियमित येत राहिला. ताकद परत आली तोवर पावसाळा लागला होता, म्हणून कातळाची वाट त्याला हिवाळ्यापर्यंत पाहावी लागली. मुंब्र्याच्या खडकांवर त्याने पुन्हा सुरुवात केली. सॅकच्या पट्ट्याखाली तो आजही घडी घातलेला पंचा ठेवतो, कारण तेथे धातूची पट्टी त्वचेखाली बोटाला लागते.