खोटं कुठून येतं? (या आठवड्याचा अभ्यास)



अभ्यासाची सुरुवात स्वतःपासून करायची, हा आपला नियम. म्हणून आधी माझीच गोष्ट सांगतो.

मुलगा सातवीत असताना गणितात नापास झाला. पेपरवर पालकांची सही हवी होती, ती त्याने स्वतःच ठोकली. महिनाभराने पेपर दप्तरात सापडला. मी ओरडलो, "असं खोटं वागायला कुठे शिकलास?" तो रडत म्हणाला, "बाबा, मागच्या वेळी खरं सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही मारलंत." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

माणूस खोटं का बोलतो? कधी मार चुकवायला, कधी चारचौघांत मान राखायला, कधी समोरच्याचं मन दुखू नये म्हणून, तर कधी सरळ फायद्यासाठी. फायद्याचं सोडलं तर बाकी सगळ्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा भीतीच असते. शिक्षेची, लाजेची, नाहीतर नातं बिघडण्याची.

व्हिक्टोरिया तलवार आणि कँग ली या मानसशास्त्रज्ञांनी पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांमध्ये केलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. एका शाळेत चुकलं की छडी, दुसरीत समज. तीन-चार वर्षांच्या मुलांना सांगितलं, "मागे खेळणं ठेवलंय, वळून बघायचं नाही." मोठं माणूस बाहेर गेलं आणि दोन्ही शाळांतल्या बहुतेक मुलांनी वळून पाहिलंच! नंतर विचारल्यावर छडीच्या शाळेतली मुलं जास्त प्रमाणात खोटं बोलली. एवढंच नाही, पुढच्या प्रश्नांनाही त्यांनी ते खोटं जास्त सफाईने निभावलं. म्हणजे छडीने खोटं थांबलं नाही, उलट त्याचा सराव झाला.

आता परिणाम बघू. २०१६ मध्ये लंडनच्या संशोधकांनी मेंदूची तपासणी करून पाहिलं. स्वतःच्या फायद्यासाठी माणूस पुन्हा पुन्हा खोटं बोलू लागला, की भावनांशी निगडित असलेल्या मेंदूतल्या 'अमिग्डाला' या भागाचा प्रतिसाद कमी कमी होत जातो, आणि खोटं मोठं होत जातं. आपल्या भाषेत सांगायचं तर आतली टोचणी बोथट होते. धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा. अश्वत्थाम्याबद्दलच्या एका अर्धसत्याने तो खाली आला. धर्मराजाला ते निदान बोचलं तरी. आपला रथ केव्हा टेकला, हे आपल्याला कळतं का?

मग उपाय काय? याच दोन अभ्यासकांच्या गटाने २०१४ मध्ये मुलांना गोष्टी सांगून पाहिल्या. 'लांडगा आला रे आला' ऐकून किंवा खोटं बोलल्यावर नाक वाढणाऱ्या लाकडी बाहुल्याची गोष्ट ऐकून मुलांच्या खरं बोलण्यात फरक पडला नाही. फरक पडला तो लहानग्या जॉर्ज वॉशिंग्टनच्या दंतकथेने. त्यात मुलगा झाड तोडल्याचं कबूल करतो आणि वडील त्याच्या खरेपणाचं कौतुक करतात. खोट्याची भीती घालून जे झालं नाही, ते खऱ्याचं कौतुक केल्याने झालं.

या आठवड्यात घरात एवढं करून पाहू या:

१. कुणी चूक कबूल केली, तर पहिलं वाक्य, "खरं सांगितलंस, बरं केलंस." चूक निस्तरायची ती त्यानेच, पण खरं बोलल्याची शिक्षा नाही.

२. "बाबा घरात नाहीत म्हणून सांग," असं मुलांच्या तोंडून वदवायचं नाही. खोट्याचा पहिला धडा तिथेच मिळतो.

३. लपवलेली एक गोष्ट घरच्यांना सांगायची. उधारी असो, आजार असो, काहीही.

तिसरं मी नुकतंच केलं. मागच्या महिन्यात साखर वाढल्याचा रिपोर्ट मी कपाटात दडवला होता. मुलाने विचारलं तेव्हा आधी "सगळं नॉर्मल आहे" म्हणालो. रात्री झोप येईना. सकाळी रिपोर्ट त्याच्या हातात दिला. तो रागावला नाही. म्हणाला, "बरं झालं सांगितलंत. चला, डॉक्टरांकडे जाऊ."

मी त्याला सातवीत जे म्हणायला हवं होतं, ते तो मला म्हणाला.

आज रात्री जेवताना हा अभ्यास सगळ्यांनी मिळून वाचावा, ही विनंती. जय सद्गुरू 🙏