म्हातारपण, दुखणे आणि आपली माणसे

माणूस म्हातारा झाला, अंथरुणाला खिळला, म्हणजे त्याला काय हवे असते? औषधपाणी, पोटाला अन्न, अंगावर पांघरूण, असे आपण चटकन सांगतो. ते खरेच आहे. परंतु एवढ्याने त्याचे मन भरते का? 'मी अजून यांच्यातलाच आहे' असे त्याला कशामुळे वाटते? या प्रश्नाचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही. आमच्या ठाकुरवाडीत, आमच्याच घरात भेटला. माझ्या आजाला तोंडाचा कर्करोग झाला. कर्जतहून लोकलने त्याला मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात नेले. तेथे खाटेला क्रमांक होता आणि त्या क्रमांकानेच त्याला हाक मारीत. रोग फार पुढे गेलेला होता. "आता घरी न्या," असे सांगण्यात आले. घरी गेल्यावर दुखू लागले तर काय करायचे, हे मात्र कोणी सांगितले नाही.

वाडीत आल्यावर संध्याकाळी आमच्या ओट्यावर माणसे जमू लागली. कोणी विचारी, "आजा, राब कधी भाजायचा?" कोणी म्हणे, "यंदा वरीला कुठला माळ धरू?" कुडासाठी कारवी कुठून आणावी, हेही त्यालाच विचारीत. बोलता येईना तेव्हा तो बोटाने डोंगराची सोंड दाखवी. लोकांना उत्तर ठाऊक नव्हते असे नाही. पण विचारायचे ते त्याला, ही रीत होती. नुसती पेज भरवून त्याच्या डोळ्यांत जे दिसत नसे, ते या विचारण्याने दिसे. ज्याला कोणी काही विचारते, त्याला आपण परके झालो असे वाटत नाही.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर करून दाखविली ती बाबा आमटे यांनी. कुष्ठरोग्याला रोगापेक्षा घरच्यांनी टाकल्याचे दुःख मोठे. रोग बरा झाला तरी घराचे दार उघडत नसे. १९५१ साली चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ ६ रुग्ण, एक लंगडी गाय आणि १४ रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन सुरू झाले, असे सांगतात. झडलेल्या बोटांच्या माणसांनी विहिरी खणल्या, शेती पिकवली, माग चालवले. १९६४ मध्ये तेथे महाविद्यालय उभे राहिले. ज्यांना गावाने हाकलले त्यांच्याकडे आता गावची मुले शिकायला येऊ लागली! दयेने जे झाले नसते ते कामाने झाले. स्वतः बाबांना मणक्याच्या विकारामुळे कित्येक वर्षे बसता येत नव्हते. ते उभ्याने किंवा पडून काम करीत. ९ फेब्रुवारी २००८ रोजी त्यांचे आनंदवनातच निधन झाले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना तेथल्याच मातीत पुरण्यात आले.

परंतु येथे एक अडचण आहे. काम करण्याची, सल्ला देण्याची शक्तीच संपली तर? आजाच्या शेवटच्या पंधरा दिवसांत ते मी पाहिले. रात्रभर ठणका लागे. माणसे पूर्वीसारखीच येत, बसत. पण त्याने तोंड भिंतीकडे केले ते केलेच. वेदनेने माणूस आपल्या माणसांतूनही उठून जातो, हे मला तेव्हा कळले. आमच्या वाडीत माणसांची वाण नव्हती. वाण होती ती दुखणे थांबवणाऱ्या गोळीची.

या गोष्टीचा शास्त्रीय विचार इंग्लंडमध्ये डॉ. सिसिली साँडर्स यांनी केला. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस ही संस्था काढली. मरणाऱ्या माणसाची वेदना केवळ शरीराची नसते. मनाची, घरच्या काळजीची, पैशाची अशी ती सगळी मिळून एक असते, असे त्यांचे म्हणणे. ठणका सुरू होण्याची वाट न पाहता औषध ठराविक वेळाने द्यावे, हेही त्यांनी पटवून दिले. आपल्या देशातील असे पहिले केंद्र म्हणजे मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली सुरू झालेले शांती आवेदना सदन. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवरचे मुख्य औषध मॉर्फिन. ते महाग नाही. पण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील परवान्यांच्या जाचामुळे ते रुग्णांपर्यंत पोहोचेना. २०१४ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती होऊन वाट थोडी मोकळी झाली.

तथापि वाडीतल्या म्हाताऱ्याने औषधासाठी पुन्हा मुंबई गाठावी काय? याचे उत्तर केरळने दिले आहे. कोझिकोड येथे १९९३ साली वेदनाशामक उपचारांचे काम सुरू झाले. पुढे त्यातून शेजारपाजारच्या लोकांनाच शिक्षण देण्याची पद्धत निघाली. परिचारिका घरी येते, औषध देते, जखम धुते. शेजारी आठवड्यातून काही तास रुग्णाजवळ बसतात, त्याला न्हाऊ घालतात, घरची अडचण पाहतात. २००८ साली केरळ सरकारने हे आपले धोरण म्हणून स्वीकारले. रुग्णाला आपल्या माणसांतून उठवून न नेता औषधच त्याच्या उंबऱ्याशी आणले, हे त्यांचे वैशिष्ट्य होय.

आपल्याकडे काय करता येईल? श्रावणबाळ योजनेतून ६५ वर्षांवरील निराधारांना निवृत्तिवेतन मिळते. त्याचे कागद भरून देणे एखाद्या शिकलेल्या मुलाला अवघड नाही. आपल्या महाविद्यालयांतून १९६९ पासून चालत आलेली राष्ट्रीय सेवा योजना आहे. आपण शिबिरात रस्ते दुरुस्त करतो, झाडे लावतो. त्याबरोबरच अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस कशी बदलावी, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करावे, दुखणे किती आहे हे डॉक्टरांना कसे सांगावे, हे शिकून घेतले तर? वाडीतली तरुण मुले दिवसभर कामाला कर्जत-खोपोलीला जातात. मागे घरात म्हातारी माणसे उरतात. त्यांच्याजवळ बसण्याची रीत आमच्याकडे जुनीच आहे. तिला थोड्या शिक्षणाची आणि गोळीची जोड हवी आहे.

आजा गेला त्या वर्षीही राब भाजला गेला. कोणत्या दिवशी भाजायचा ते माणसे माझ्या आजीला विचारायला आली होती.